आत्याबाईंनी अंग उतरवलं तेव्हा

आत्याबाईंनी माझ्या तोंडात दोन बोटं घातली आणि चावलेलं पीठ बाहेर काढलं. वासराला औषध पाजताना धरतात तसा डाव्या हाताने त्यांनी माझा जबडा धरला होता. पीठ ज्वारीचं होतं, कच्चंच. गालाला आतून चिकटलेलं तेही त्यांनी नखाने खरवडून काढलं, बोटं माझ्याच पदराला पुसली आणि म्हणाल्या, “सापडली चोर. इतले दिवस म्या उगाच मांजरीले शिव्या देल्ल्या.”

मला तेव्हा सातवा महिना होता.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. मोताळ्याच्या बाजूच्या आमच्या गावात त्यांना ओळखत नाही असं कुत्रंसुद्धा नव्हतं. माझे सासरे तरणेपणीच गेले. पदरात दोन मुलगे, शंभर एकर काळी जमीन आणि जमिनीवर डोळा ठेवून बसलेले तीन चुलतदीर, एवढं मागे ठेवून गेले. त्या वेळी आत्याबाई काडीसारख्या होत्या म्हणे. एका दिराने त्यांना दंडाला धरून अंगणात आणून बसवलं होतं आणि दाराला आतून कडी घातली होती. ती गोष्ट त्या स्वतः सांगत, आणि हसत सांगत. “त्या दिवशी समजलं मले, का सुकल्या बाईले कोनी बी उचलते. मंग म्या खाल्लं. इतलं खाल्लं, का मले उचलून बाहेर टाकाले चार गडी लागावे. चार गडी आनाचे म्हटले त गावात बोभाटा होते. कोनी आनले नाही.”

मी लग्न होऊन आले तेव्हा चार गड्यांनाही त्या हलल्या नसत्या. कापसाच्या वखारीच्या दारात त्यांचा लाकडी पाट असे. त्या पाटावर बसल्या की दार भरून जाई आणि आत जायचं त्याने त्यांना विचारूनच जायचं. गावातले लहान कास्तकार कापसाच्या गाड्या घेऊन येत, उभं राहून भाव विचारत, आणि आत्याबाई सांगतील त्या भावाने माल टाकून जात. मोठमोठे दलाल त्यांच्यासमोर पागोटं सावरून बोलत. त्यांचं एक वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी ते येई: “अंग हाय त मान हाय.” आम्हा सुनांना उद्देशून पुढे म्हणत, “तुमच्याकडे दोन्ही नाही.”

खाण्याची त्यांची रीत अशी. आधी त्या जेवत. गरम भाकर कुस्करून त्यात तुपाचं वाडगं ओतत आणि तूप भाकरीच्या वर दिसलं पाहिजे असा हट्ट असे. वर गुळाचा खडा. एकादशीला तर विचारूच नका. भगर, रताळी, शेंगदाण्याची आमटी, दही. मी नवी असताना म्हटलं, आत्याबाई, हा उपास आहे का? तर म्हणाल्या, “देवाले उपाशी मानूस पाहून काय मिळते व? त्याच्या घरी काय दाने वाचते?” मला त्या वेळी हसू आलं होतं. त्यांच्या बोलण्याचं हसू यायचंच. तोंडात बोटं घालणारी बाई विनोदी नसते असं कोणी सांगितलं?

मग त्यांना धाप लागू लागली. वखारीपासून चुलीपर्यंत येताना दोनदा भिंत धरत. पायाची जखम भरेना. आणि न्हाणीच्या मोरीला, त्या लघवीला बसत तिथे, मुंग्या लागू लागल्या. पिंपळगाव राजाचे एक हकीम होते, म्हातारे, फार मोजकं बोलणारे. त्यांना बैलगाडी पाठवून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, मोरीशी जाऊन मुंग्या पाहिल्या आणि परत येऊन म्हणाले, “बाई, मुंग्या झूट बोलत नाहीत. अंग उतरवा. नाही उतरवलं तर हा पावसाळा तुमचा नाही.”

“अन् उतरवलं तर?”

“तर मग अल्लाची मर्जी. पण त्याला मर्जी करायला जागा तर द्या.”

तूप बंद, गूळ बंद, भात बंद, रताळी बंद. सकाळ-संध्याकाळ अर्धी भाकर, उकडलेली मेथी, लोणी काढलेलं ताक. आणि चालायचं. हकीम गेले आणि आत्याबाई पाटावर बसून आपलाच दंड चाचपत राहिल्या. एवढं घाबरलेलं मी त्यांना नंतर कधी पाहिलं नाही. मरणाला त्या घाबरल्या असतीलच, पण मला वाटतं त्याहून जास्त त्या पुन्हा काडी व्हायला घाबरल्या.

माघ महिना होता. घरात त्या, माझी मोठी जाऊ आणि मी, अशा तिघी. आमच्या दोघींचे नवरे हंगामात खामगावला जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, कामासाठी राहत, पंधरा दिवसांतून एखाद्या रात्री घरी येत. जाऊबाईंना मूल नव्हतं. स्वभावाने त्या इतक्या भित्र्या, की आत्याबाई खोकल्या तरी त्या उभ्या राहत.

पहिले दोन दिवस आत्याबाईंनी एकटीने अर्धी भाकर खाल्ली. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी जेवायला बसलो. वांग्याची भाजी होती. आत्याबाई चुलीपुढे येऊन उभ्या राहिल्या आणि आमच्या ताटांकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी भाजीचं भांडं उचललं आणि बाहेर जाऊन बैलाच्या आंबोणात ओतलं. परत येऊन म्हणाल्या, “आजपासून मी जे खाईन ते घर खाईन. माह्या नाकाले वास याचा अन् जिभेले काही नाही, हे मले जमत नाही.”

मी म्हटलं, “आत्याबाई, मी पोटुशी हाय.”

“मंग? तुह्या पोटातलं अजून जेवाले बसत नाही.”

घरातली फोडणी बंद झाली. तुम्ही म्हणाल त्यात काय. पण फोडणी बंद झाली की घर मेल्यासारखं होतं. तुपाच्या भरण्या कोठीत गेल्या, कोठीला कुलूप लागलं, किल्ली आत्याबाईंच्या कमरेला. संध्याकाळी शेजारच्या घरांतून लसणाचा वास आला की आत्याबाई खिडक्या लावून घेत आणि ज्या घरातून वास आला त्या घराचं नाव घेऊन शिव्या देत. वासावरून त्यांना घर ओळखता येई. “हे गणपतच्या घरचं पिठलं. जळो त्याचं तोंड, मिरची जास्त झाली.” आम्ही दोघी भिंतीशी बसून ऐकायचो. हसण्यासारखं होतं, पण पोटात काही नसलं की हसताना कळ येते.

गड्यांच्या भाकरीला मात्र त्यांनी हात लावला नाही. वखारीवर सहा गडी होते. त्यांना तीन-तीन भाकरी, कांदा, चटणी, पहिल्यासारखंच. ती रास मी थापायची आणि गठुडं बांधून द्यायचं, मोजून. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “गड्याची भाकर कापली त गडी जाते. सुनेची कापली त सून कुठी जाते?”

हे त्यांनी मला दुखवायला म्हटलं नव्हतं. त्यांना हिशेब समजावून सांगायची आवड होती.

चालणंही असंच. कापसाच्या गंजीभोवती त्या फेऱ्या घालत. पुढे जाऊबाई तिवई घेऊन, मागे मी पाण्याचा तांब्या घेऊन. दम लागला की तिवई मांडायची. त्यांच्या पावलाबरोबर आम्हाला चालावं लागे, आणि त्या बसल्या तरी आम्ही बसायचं नाही. रस्त्याने जाणारे थांबून पाहत. त्यांना त्या म्हणत, “पाह्य बाप्पा, पाह्य. मोताळ्याच्या बाजारात असा तमाशा पाहाले पैसे लागते.”

वजन करायची कल्पना त्यांचीच. वखारीत आढ्याला कापूस तोलायचा मोठा काटा टांगलेला होता, साखळ्यांना दोन लाकडी पारडी. बाजाराच्या दिवशी गडी गावाला गेले की वखारीचं दार आतून लावायचं, एका पारड्यात आत्याबाईंनी बसायचं आणि दुसऱ्यात आम्ही दोघींनी लोखंडी मापं चढवायची. गड्याला त्यांनी हात लावू दिला नसता. पहिल्या दिवशी तीन मणाला पासरी, म्हणजे पाच शेर, कमी, एवढ्या भरल्या. पारड्यातून उतरून म्हणाल्या, “चांगल्या कापसाच्या भावानं बी महाग पडली मी.” पुढच्या बाजाराला आणखी शेरभर कमी. त्याच्या पुढच्या बाजाराला दोन शेर. त्या दिवशी खूश होऊन त्यांनी आम्हाला दोघींत मिळून एक कांदा दिला.

मी तेव्हा काय खात होते ते सांगते. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी अर्धी. मेथीचं पाणी. चिंचोके भाजून जाऊबाईंनी एका फडक्यात बांधून जात्याखाली ठेवले होते, ते आम्ही दळताना चघळायचो. माझे पाय सुजले आणि हात वाळले. पोटातलं मूल आधी ढुशा द्यायचं, ते हळूहळू कमी झालं. जाऊबाई माझ्या पोटावर हात ठेवून बसायच्या आणि विचारायच्या, “हाललं का व?” मी हो म्हणायचे. कधी खरं, कधी खोटं.

गावात मागता आलं असतं. शेजारी पिंजाऱ्याचं घर होतं, त्याच्या बायकोने कुंपणावरून दोनदा विचारलंही. पण एवढ्या मोठ्या घरची सून भाकर मागते म्हटल्यावर माझ्या बापाला गावात तोंड दाखवता आलं नसतं, असं मला वाटायचं. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आजची मी असते तर चव्हाट्यावर बसून खाल्लं असतं.

नवरा एकदा येऊन गेला. त्या रात्री आत्याबाईंनी कोठी उघडली. वरण, भात, पोळी, तूप. त्याला समोर बसून वाढलं आणि प्रत्येक घास पाहिला. त्याच्या ताटात उरलं ते बैलाला. मी त्याला आत सांगितलं, मी उपाशी आहे. तो म्हणाला, “मायचा सोभाव तुले ठाव हाय. थोडे दिवस काढ.” माझा नवरा वाईट माणूस नव्हता. आईचा मुलगा होता. सकाळी त्याने जाताना माझ्या हातात शेंगदाण्याची पुरचुंडी ठेवली, आणि त्याची पाठ फिरल्यावर आत्याबाईंनी ती काढून घेतली.

आत्याबाईंचं अंग मात्र खरंच उतरत होतं. दंडाची कातडी लोंबू लागली. चोळी सैल झाली, पण त्या ती शिवून लहान करू देत ना. वखारीच्या दारात पाटावर बसल्या की आता दोन्ही बाजूंनी उजेड दिसे. आणि एक दिवस एक कास्तकार आला, त्याने आत्याबाईंकडे नीट पाहिलं, ओट्यावर टेकला आणि बसून भाव विचारला. बसून. इतकी वर्षं त्याने उभं राहूनच विचारला होता. आत्याबाईंनी त्याला भाव सांगितला, माल घेतला. घरात आल्या आणि ताक पातळ केलं नाही म्हणून जाऊबाईंना उलथन्याने मारलं.

होळी झाली आणि त्यानंतरच्या बाजाराला पुन्हा वजन. आम्ही मापं चढवली. पारडं उचलेना. जाऊबाईंनी आणखी शेर टाकला, आणखी एक टाकला. आत्याबाई तीन मण पुऱ्या भरल्या. पहिल्या दिवसाहूनही जास्त.

त्या पारड्यात बसून राहिल्या. खाली उतरल्याच नाहीत. मग अगदी हळू बोलल्या, “मी उपाशी मरून राह्यली, अन् काटा वर चढून राह्यला? मेथीनं चढते का अंग? कोन काय कालवून राह्यलं माह्या भाकरीत?”

जाऊबाईंनी लगेच देवाचे धरावेत तसे त्यांचे पाय धरले. “माह्या गळ्याची आन, आत्याबाई.”

“तुह्या गळ्याले कोन इचारते. तूप घालता माह्या भाकरीत. मी मेली का किल्ली तुमची. हकीम बोलला तेव्हा दोघी दारामागं उभ्या होत्या तुमी, म्या पाह्यलं.”

त्या दिवसापासून आमची संध्याकाळची अर्धी भाकरही गेली. पीठ त्या स्वतः काढून देऊ लागल्या आणि आपली भाकर स्वतः थापू लागल्या. गावात येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या सांगत की सुनांनी मला मारायला घेतलंय. दिवसभर मी गड्यांसाठी दळत होते आणि त्यातलं चिमूटभर तोंडात टाकताना सापडले. ती तोंडात बोटं घातल्याची गोष्ट त्या वेळची.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मी वखारीत सरपण आणायला गेले. दुपार होती, गडी झाडाखाली झोपले होते. आत्याबाई काट्याखाली जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. मांडीत मणाचं माप आडवं पाडलं होतं. लोखंडी मापाच्या बुडाला एक खड्डा असतो, त्यात शिसं ओतलेलं असतं. आत्याबाई त्या खड्ड्यात नखाने खरवडत होत्या. नखाखाली मेण आलं. काजळीने काळं केलेलं मेण.

आमच्या घरात मापांचे दोन संच होते. मला त्या घरात येऊन तीन वर्षं झाली होती आणि हे मला त्या क्षणी समजलं. एक घ्यायची मापं, त्यांच्या बुडात शिसं जास्त. हिवाळ्यात कास्तकारांचा कापूस त्या मापांनी तोलायचा. दुसरी द्यायची मापं, त्यांच्या बुडातलं शिसं काढून मेण भरलेलं. उन्हाळ्यात तेच कास्तकार खायला ज्वारी आणि ढोरांना सरकी न्यायला येत, ती या मापांनी तोलायची. दिसायला दोन्ही सारखी. मागून कळलं, दर वर्षी होळी झाली की एक जुना गडी आत्याबाईंच्या सांगण्यावरून पहिली मापं कडब्याखाली पुरायचा आणि दुसरी काढून ठेवायचा. या वर्षीही त्यांनीच त्याला सांगितलं होतं. भुकेने डोकं फिरलेलं, सांगितलं आणि विसरल्या. हलकी मापं म्हटल्यावर पारड्यात ती जास्त चढणारच.

त्यांचं अंग उतरलं होतं. कोणी त्यांच्या भाकरीत काही घातलं नव्हतं. हे त्यांना आता कळलं होतं, आणि ते त्या कोणाला सांगू शकत नव्हत्या. सांगायचं तर मापं सांगावी लागली असती. गावातल्या प्रत्येक घरात त्या मापांनी तोललेली ज्वारी होती.

त्यांनी मला पाहिलं.

“काय पाह्यलं?”

“मेण.”

“तुह्या बापानं तुले चौथीपर्यंत शाळेत घातली, थेच चुकलं.” त्यांनी माप उभं केलं. “कोनाले सांगशीन?”

“अजून कोनाले नाही.”

“अजून,” त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “बस.” मला पहिल्यांदाच त्यांनी वखारीत बस म्हटलं. मी सरपणावर बसले. “काय पाह्यजे?”

“भाकर. मले अन् जाऊबाईले. पोटभर.”

“पोटभर म्हनजे काय माप असते का? किती थे तोंडानं सांग.”

“दोघीत मिळून दिवसाले दोन शेर पीठ.”

“येडी झाली का? दोन शेरात माहा गडी नांगर ओढते. एक शेर.”

“दीड. अन् वरन. अन् तूप.”

“तूप नाही. तुपाचा वास मले सोसत नाही. वरन देईन.”

“सव्वा शेर तरी द्या. पोटात हाय माह्या.”

“एक शेर, अन् वरन. घेतं का नाही?”

मी घेतलं. भुकेलं माणूस सौदा चांगला करत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा सगळा धंदा त्यावरच चालला होता. पण एक सांगते. त्या दुपारी त्या मला घाबरल्या होत्या आणि मी त्यांना आवडले होते, दोन्ही. उठताना म्हणाल्या, “मोठी असती त रडली असती. तू भाव केला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोठी उघडली आणि पीठ तोलून दिलं. परातीत पडलं तेव्हा मला कमी वाटलं. मी शेराचं माप उचलून उलटं केलं. बुडाला मेण होतं.

“आत्याबाई, हे द्याचं माप हाय.”

“मंग मी देऊनच राह्यली ना,” त्या म्हणाल्या आणि कुलूप लावलं.

आम्ही ते खाल्लं. पहिल्या दिवशी दोघींनाही उलटी झाली, इतकं पोट आत गेलं होतं. जाऊबाई रोज आपल्यातली चतकोर मला देत, नको म्हटलं तरी. आम्हाला वाटलं, निभेल आता. आत्याबाईंनी गावात आमच्याबद्दल बोलणं थांबवलं, पण बोललेलं परत घेतलं नाही. पिंजाऱ्याच्या बायकोने विचारलं तर म्हणाल्या, “सुधरल्या आता. म्या धाक देल्ला.”

पाडवा होऊन गेला आणि मला दिवसाढवळ्या कळा सुरू झाल्या. आठवा महिना नुकता लागला होता. सुईण मोताळ्याला गेली होती, तिला आणायला गडी धावला. जाऊबाई नुसत्या रडत होत्या. आत्याबाई आत आल्या, जाऊबाईंना बाजूला केलं, लुगडं वर खोचलं आणि माझ्या पायांशी उकिडव्या बसल्या. त्यांचे हात मोठे, कोरडे आणि घट्ट होते. कसं धरायचं ते त्यांना माहीत होतं. “ओरडू नोको, जोर लाव. ओरडन्यात जोर वाया जाते,” असं म्हणत होत्या. त्या नसत्या तर मी त्या दिवशी गेले असते. हे खरं आहे म्हणून लिहिते.

मुलगी झाली. आत्याबाईंनी नाळ कापली, तिला उलटं धरून पाठीवर थापट्या मारल्या. बराच वेळ काही नाही. मग मांजरीचं पिल्लू करतं तसा आवाज झाला. तिला त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्याजवळ ठेवलं. पोरीचे हात माझ्या बोटाएवढे होते, आणि अंगावर मांस असं नव्हतंच. त्वचा सैल, म्हाताऱ्या माणसासारखी.

आत्याबाई अजून तशाच उकिडव्या बसलेल्या होत्या. त्यांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मोठे,” त्यांनी हाक मारली, “पाह्य इकडे. मी खाली बसली. कितीक वर्सानं अशी बसता आली मले.” उठल्या, पुन्हा बसल्या. दोनदा करून पाहिलं.

मला दूध आलं नाही. जाऊबाईंनी कापसाची वात करून शेळीचं दूध पोरीच्या ओठांवर पिळलं. ते ओघळून जाई. पिंजाऱ्याच्या बायकोचं मूल अंगावर पीत होतं, ती स्वतः येऊन बसली, पोरीला छातीशी लावलं. पोरीला ओढायला जोर नव्हता. आत्याबाईंनी त्या वेळी कोठी उघडून तुपाची भरणी माझ्या उशाशी आणून ठेवली, न मोजता. मी त्यात बोट बुडवलं नाही. पोर पाचवी पुजायच्या आधी गेली. तिचं नाव ठेवलेलं नव्हतं.

हकीम आखाजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास आले. मोरीशी जाऊन पाहिलं, मुंग्या नव्हत्या. आत्याबाईंची नाडी धरून म्हणाले, “बाई, मोठ्या हिमतीचं काम केलं तुम्ही. असं करणारा माणूस मी पाहिला नाही.” आत्याबाईंनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, “एकटीनं कुठी केलं. साऱ्या घरानं केलं.”

पुढे मला दोन मुलगे झाले. आत्याबाईंनी त्यांना मांडीवर खेळवलं, तूप घालून भरवलं, आणि खूप म्हाताऱ्या होऊन, बारीक होऊन, आपल्या अंथरुणावर मेल्या. जाऊबाई त्यांच्यानंतरही बरीच वर्षं होत्या. मी तर ही बसलेली आहे. त्या उन्हाळ्यात त्या घरात आम्ही चौघी होतो. तिघी जगलो.